पोर्शन संपवणं म्हणजे शिकवणं नव्हे

जानेवारी उजाडला की कोल्हापुरातल्या शाळांमधून एकच विचारपूस सुरू होते: पोर्शन कुठवर आलाय? केंद्रप्रमुख मुख्याध्यापकांना विचारतात, मुख्याध्यापक शिक्षकांना, आई-वडील पोरांना. क्लासवाल्यांचा तर दिवाळीतच संपलेला असतो आणि ते तसं फ्लेक्सवर छापतातही. या विचारपुशीमागे एक समजूत आहे. गुरुजींनी सांगितलं, म्हणजे मुलाला आलं. ती मान्य केली की मग सगळी चर्चा सांगणाऱ्याभोवती फिरते. आवाज खणखणीत आहे का, फळ्यावरचं अक्षर वळणदार आहे का, टाचण वही भरलेली आहे का, वर्गात स्मार्ट बोर्ड बसवला का. मूल त्या पस्तीस-चाळीस मिनिटांत काय करत होतं, हे विचारायचं राहूनच जातं.

मूल शिकतं ते स्वतःच्या डोक्यातलं आठवून, जुळवून, मांडून दाखवताना. ऐकताना त्याला फार तर ओळख होते. म्हणून तासातला मोठा वाटा सांगण्याऐवजी विचारण्याला द्यायला हवा, आणि तोही पहिल्या बाकावरच्या चौघांना विचारण्यात नव्हे, अख्ख्या वर्गाला विचारण्यात. यात नवलाचं काही नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या आपल्याच तालमींत पहाटेपासून हेच चाललेलं असतं. साडेदहाची शाळेची घंटा झाली की मात्र गाव ते विसरतं.

तालमीत पट, म्हणजे समोरच्याचे पाय धरायचा डाव, काढायला शिकवायचं असेल तर वस्ताद तासभर भाषण देत नाहीत. एकदा सावकाश करून दाखवतात. पाय कुठे, मान कुठे, वजन कुठल्या गुडघ्यावर. मग जोड लावतात आणि म्हणतात, धर. पोरगं धरतं आणि चुकतं. "आरं, मान का खाली घातलीस? वर बघ. परत धर." चूक झाली त्याच क्षणी दाखवली जाते, त्याच क्षणी सुधारून घेतली जाते. दुसऱ्या दिवशी नवा डाव सांगण्याआधी कालचा करून घेतात. चार दिवसांनी जोड बदलतात, म्हणजे ज्याच्या अंगाची सवय झालेली नाही अशा पोरावर तोच डाव बसतो का ते कळतं. आणि या सगळ्याखाली जोर-बैठकांचा पाया रोज चालूच असतो, कारण अंगात दम नसेल तर डाव माहीत असून उपयोग नाही. "समजलं का?" असं विचारून पुढे जाणारा वस्ताद मला अजून भेटायचा आहे. समजलं की नाही हे मातीत दिसतं.

शाळेत ते दिसत नाही, ही खरी अडचण. गणितातली चूक डोक्यात दडून बसते. "समजलं का?" या प्रश्नाला वर्ग एका सुरात "होऽऽ" म्हणतो आणि त्या होकारात न समजलेलेही सुखरूप लपतात. तिसरीतल्या एका साध्या वजाबाकीचं बघा. ५२ वजा २७. बरीच मुलं ३५ लिहितात. आपण म्हणतो, लक्ष नाही. लक्ष असतं हो! मुलाने एकं स्थानी २ आणि ७ बघितले, मोठ्यातून लहान वजा करायचं हा पहिलीत आपणच शिकवलेला नियम लावला आणि ५ लिहिले. दशकात ५ वजा २, म्हणजे ३. त्याच्या हिशेबाने उत्तर बरोबर आहे आणि प्रत्येक उदाहरणात ते हेच करणार आहे. उदाहरणं बिनहातच्याची असतील तर सगळ्यांवर बरोबरची खूण मिळते. चूक उघड होते ती घटक चाचणीत, तोवर वर्ग गुणाकारावर गेलेला असतो. तिथे लाल फुली मारली जाते. ती फुली बघून मुलाला आपला नियम कुठे फसला हे कळायची सोय नसते.

यावर उपाय आपल्याकडे होता आणि आपण तो माळ्यावर टाकला. पाटी. गुरुजींनी फळ्यावर उदाहरण लिहायचं, प्रत्येकाने पाटीवर सोडवायचं आणि सांगितल्यावर सगळ्यांनी एकदम पाटी वर धरायची. चाळीस उत्तरं एका नजरेत दिसतात. किती जणांनी ३५ लिहिलं ते त्याच क्षणी कळतं आणि पुढे जायचं की थांबायचं हे ठरवता येतं. हात वर करायला लावून विचारण्यात ही सोय नाही. तिथे ज्याला येतं तोच हात वर करतो, म्हणजे ज्याच्याकडून काही कळायची गरज नाही त्यालाच आपण विचारतो. आता याच कामासाठी बटणं दाबायची यंत्रं आणि ॲप विकायला आलीत. घेणाऱ्यांनी जरूर घ्यावीत, पण पाटीला चार्जिंग लागत नाही.

विचारण्याचीही एक रीत आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांमधली संभाषणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच सांगून टाकतात. हे थांबणं तीन सेकंदांवर नेलं तर उत्तरं लांबली, एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागली, "माहीत नाही" कमी झालं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही, पण वर्गासमोर उभं राहून ते काढणं फार जड जातं, हे शिकवणारा कुणीही सांगेल. शांतता झाली की वाटतं, आपलंच काही चुकतंय.

आता आठवणीबद्दल. १८८५ साली एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ करून आपण किती वेळात किती विसरतो ते मोजलं. पाठ केलेलं पहिल्या दिवसातच सर्वांत झपाट्याने जातं, मग गळती मंदावते. तेवढेच कष्ट एका बैठकीत न घालता काही दिवसांवर पसरले तर जास्त टिकतं, हेही त्यातून दिसलं. आपल्या घरांमध्ये दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर परवचा व्हायचा, तो याच कारणाने टिकला असावा. जवळजवळ एकशे चाळीस वर्षांत या निष्कर्षाला धक्का लागलेला नाही. तरीही आपलं वेळापत्रक एक धडा एकदाच, सलग, आणि मग थेट परीक्षा असंच चालतं.

दुसरा प्रयोग मला त्याहून महत्त्वाचा वाटतो. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तो २००६ मध्ये प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा एकदा वाचला, काहींनी पुन्हा न वाचता आठवेल तेवढा कागदावर लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं. पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. आपली फसगत कुठे होते ते या दोन जोड्यांत दिसतं. परत वाचलं की सगळं ओळखीचं वाटतं, सोपं वाटतं, झालं असं वाटतं. आठवून लिहायचं तर डोकं अडतं, घाम फुटतो, अपमान होतो. म्हणून मुलं गाईड उघडून पिवळ्या पेनाने रेघा मारत बसतात आणि आईला वाटतं, अभ्यास चाललाय. २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा रेघा मारणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं तळाला गेलं. वर राहिल्या दोनच पद्धती: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरणं.

इथे कुणीतरी म्हणणारच, ही घोकंपट्टीच झाली. नाही. घोकणारा पुस्तक समोर ठेवून तेच वाक्य परत म्हणतो, आठवायची वेळ त्याच्यावर येतच नाही. सामुदायिक पाढ्यांतही तेच होतं, चाळीस आवाजांत ज्याला येत नाही तो ओठ हलवून सुटतो. पण पाढे नकोतच असं म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. डोक्यात एका वेळी फार थोड्या गोष्टी धरून ठेवता येतात. सात आठे किती हे बोटांवर मोजत बसलेल्या मुलाकडे भागाकाराची पुढची पायरी धरायला जागाच उरत नाही. अर्थ कळलेला असावा आणि पाढाही जिभेवर असावा. यातलं एक निवडा असं सांगणारे दोन्ही गट मुलाचं नुकसान करतात.

दुसऱ्या टोकाची चूकही आपण करून झालो. २०१५ मध्ये राज्यात प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम आला, ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं, हा शब्द प्रत्येक शाळेत पोहोचला. फरशा रंगल्या, भिंती बोलक्या झाल्या. बऱ्याच ठिकाणी मुलं खरोखर मोकळी झाली, ते श्रेय द्यायलाच हवं. पण काही ठिकाणी त्याचा अर्थ असा घेतला गेला की शिक्षकाने सांगायचंच नाही, मूल आपलं आपण शोधेल. ज्याला विषयाचा गंधही नाही त्याला मोकळं सोडलं तर ते चाचपडतं आणि चाचपडण्यातच थकतं. नवख्याला आधी सोडवलेली उदाहरणं पायरी पायरीने दाखवावीत, मग अर्धवट सोडवलेली द्यावीत, मग आधार काढून घ्यावा. जॉन स्वेलर या मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकापासून केलेलं काम हेच सांगतं. आपल्या वस्तादांना त्याचं नाव ठाऊक नसेल, पण कोऱ्या पोराला हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, सोडून "शोध बाबा पट" असं कुणी म्हणत नाही. (प्रशिक्षणांमध्ये अजून सांगितलं जाणारं, अमुक मूल बघून शिकतं आणि तमुक ऐकून, हे वर्गीकरणही आता बाजूला ठेवावं. त्यानुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं याचा भरवशाचा पुरावा २००८च्या मोठ्या आढाव्यात सापडला नाही.)

तालमीचं एवढं कौतुक केलं, तर तिची मर्यादाही सांगायला हवी. तालमीत पोरं हौसेने येतात आणि ज्याला झेपत नाही तो आपसूक गळतो. वस्तादांची छडी हा काही अनुकरण करण्याजोगा भाग नाही. शाळेला गळू देण्याची मुभा नाही. खासबागचं कुस्तीचं मैदान बांधणाऱ्या शाहू महाराजांनीच १९१७ मध्ये संस्थानात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. कुस्तीत निवड चालते, प्राथमिक शाळेत सगळे आले पाहिजेत, हा फरक या राजाला कळत होता. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीत जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. संख्या, समता आणि गुणवत्ता यांचा मेळ आपल्या शिक्षणात बसत नाही, हीच चिंता त्यांनी पुढे मांडली.

तो मेळ कुठे बिनसतो हे बघायला लांब जायला नको. शिष्यवृत्ती परीक्षेत कोल्हापूर जिल्ह्याची कामगिरी नेहमी उजवी असते आणि आपल्याला तिचा अभिमान आहे. ती कशामुळे येते? शिष्यवृत्तीच्या जादा तासांना जाऊन बघा. जवळजवळ रोज छोटी चाचणी. जुन्या घटकांचे प्रश्न पुन्हा पुन्हा, नव्यात मिसळून. पेपर झाल्यावर चुकलेल्या प्रश्नांची चर्चा. वर सांगितलेली सगळी तत्त्वं तिथे हजर आहेत. म्हणजे आपल्या शिक्षकांना पद्धत माहीत नाही, हा आरोप खोटा आहे. ती आपण निवडक मुलांसाठी राखून ठेवली आहे. सकाळी नऊला दहा-बारा "स्कॉलरशिपची पोरं" चाचणी देतात आणि साडेदहाला त्यांच्याच वर्गातली उरलेली तीस पोरं धडा ऐकतात. त्या तिसांतल्या कुणाला ५२ वजा २७ येत नाही, हे जूनपासून मार्चपर्यंत कुणी विचारत नाही. माझी खरी तक्रार ही आहे. ती शिक्षकांपेक्षा आपल्या सगळ्यांविरुद्ध आहे, कारण हारतुरे आपण कुणाला घालतो ते आपणच ठरवतो.

शिष्यवृत्तीच्या तयारीतही एक खोट आहे. चार पर्याय समोर असले की उत्तर ओळखायचं असतं, आठवायचं नसतं. ज्या रूपात सराव त्याच रूपात कौशल्य येतं. गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजात शिकले, मातीत घडले. १९४८च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये मॅट आणि तिथले नियम अंगवळणी नसताना ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्य जिंकलं. ताकद आणि डाव त्यांच्याकडे १९४८ मध्येही होते, मॅटचा सराव नव्हता. पर्यायांचा सराव केलेल्या मुलाला कोरा कागद दिला की ते अडतं, त्यात नवल नाही. निदान निम्मे प्रश्न पर्याय झाकून सोडवून घेतले तरी फरक पडेल.

गुणांबद्दल मात्र मी कडक आहे. सरावाच्या चाचणीला गुण देऊ नयेत. इस्रायलमधल्या रूथ बटलर यांच्या १९८८च्या अभ्यासात काही मुलांना नुसते गुण दिले, काहींना नुसता लेखी शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारली ती नुसता शेरा मिळालेली. गुण आणि शेरा दोन्ही दिले की शेऱ्याचा उपयोग जवळपास संपला, कारण मूल आधी आकडा बघतं, मग शेजाऱ्याचा आकडा बघतं आणि वही मिटतं. आपल्याकडे वाद मात्र नापास करावं की करू नये यावरच अडकलाय. २०२३ मध्ये राज्याने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेची अट परत आणली, त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर लिहून आलं. त्या परीक्षेआधीच्या दोनशे दिवसांत मुलाला किती वेळा न घाबरता चुकता आलं, हा विषय त्या वादात फारसा आला नाही.

आक्षेप येतील आणि ते खोटे नसतील. गगनबावड्यात, शाहूवाडीत दोन शिक्षकांवर चार-पाच इयत्ता चालतात. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, व्हॉट्सॲपवर "आत्ताच्या आत्ता" मागवलेले फोटो. शहरातल्या खासगी शाळांत एका वर्गात साठ डोकी. शिवाय वर्गातली मुलं एका पायरीवर नसतातच. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या २०२४च्या असर पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या जेमतेम २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. अशा वर्गात तिसरीचं पुस्तक तिसरीच्या वेगाने पुढे नेणं म्हणजे तीन-चतुर्थांश मुलांना सोडून जाणं. प्रथम या स्वयंसेवी संस्थेने दिवसातला ठरावीक वेळ इयत्ता बाजूला ठेवून मुलांचे पातळीनुसार गट करण्याची पद्धत वापरली आणि चाचण्यांमध्ये तिचा फायदा दिसला. बहुवर्ग शाळेत तर मुलं नाहीतरी एकत्रच बसलेली असतात, तिथे हे शहरापेक्षा सोपं जाईल.

पण सगळ्यांत मोठा आक्षेप पोर्शनचाच. पाट्या वर झाल्या, निम्म्यांवर ३५ दिसलं, तर थांबावं लागणार. थांबलं की पोर्शन मागे पडणार आणि केंद्रप्रमुखांपुढे मान खाली. ज्या शिक्षकाला या एकाच फूटपट्टीने मोजलं जातं, त्याला विचारण्याचा उपदेश करणं अन्यायाचं आहे. तेव्हा आधी फूटपट्टी बदलायला हवी. भेटीला आलेल्या अधिकाऱ्याने टाचण वही मिटून ठेवावी आणि महिन्यापूर्वी शिकवलेल्या घटकावर कुठल्याही दहा मुलांना तीन प्रश्न विचारावेत. मुलांना आलं नाही तर शिक्षकाला कारणे दाखवा नोटीस देऊ नये, नाहीतर पुढच्या भेटीला तीच दहा मुलं तयार करून बसवलेली असतील. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत परिपत्रकांचं वाचन आणि सत्कार यांत जाणारा वेळ चुकीच्या उत्तरांना द्यावा. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या दोन-तीन ठरलेल्या चुका आणाव्यात, मुलाने कुठला नियम लावला असेल ते मिळून शोधावं आणि दुसऱ्या शाळेने त्यावर काय केलं ते ऐकावं. यासाठी नवा निधी लागत नाही.

पालकांनाही करण्याजोगं आहे. "किती मार्क पडले?" आणि "पोर्शन झाला का?" यांच्या जागी पुस्तक मिटून "परवा काय शिकलास ते सांग बघू" म्हणावं आणि मुलगा अडला तर लगेच सांगून टाकू नये. आई-वडिलांना स्वतःला तो विषय यायलाच हवा असं नाही.

सुरुवात कुठून करायची असं विचारलं तर मी तिसरी-चौथीचं गणित म्हणेन. तिथल्या चुका मोजक्या आहेत, पाटीवर लगेच दिसतात, आणि पुढे अपूर्णांक, शेकडेवारी, बीजगणित ज्यावर उभं राहतं ते सगळं तिथेच पक्कं होतं किंवा कच्चं राहतं. रोज पहिली दहा मिनिटं मागच्या आठवड्याचे आणि मागच्या महिन्याचे प्रश्न, बिनगुणांचे, सगळ्यांना. पहिल्या सत्रात याने पोर्शन दोन-तीन धड्यांनी मागे पडेल. तो पडला तर चालेल, असं शिक्षण विभागाने जूनमध्येच लेखी कळवावं, म्हणजे जानेवारीत कुणाला खुलासा मागायची गरज पडणार नाही.